सोलापूरसारख्या शहरात खगोलशास्त्रातलं नवं संशोधन डोममध्ये दाखवलं तर साध्या लोकांना कळेल का? फिल्म लावावी की स्वतः बोलावं?

कळतं, अगदी नक्की कळतं. मी फुगवायचा डोम, म्हणजे ज्याच्या आत बसून छतावर आकाश बघायचं तो घुमट, घेऊन सोलापुरात शाळांमधून, वस्त्यांमधून हे कार्यक्रम करतो, त्यावरून सांगतो की फिल्म लावू नका, स्वतः बोला. फिल्म दिसायला भारी असते पण तिला मधेच थांबवून कुणी प्रश्न विचारत नाही. ओपनस्पेस नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, न्यूयॉर्कचं अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्री आणि स्वीडनचं लिंशोपिंग विद्यापीठ यांच्या कामातून ते उभं राहिलंय, त्यात दुर्बिणींचा खरा डेटा असतो आणि बोलता बोलता तुम्ही त्यात पाहिजे तिकडं जाऊ शकता.

सुरुवात ओळखीच्या आकाशातूनच करा. हिवाळ्यात मृग सगळ्यांना दिसतं, पोटातले बाणाचे तीन तारे दाखवायचे आणि मग हळूच बाजूला सरकत जायचं, की मृग विस्कटायला लागतं, आर्द्रा एकीकडं आणि राजन्य भलतीकडंच, कारण ते तारे मुळात एकमेकांजवळ नाहीतच. इथं डोममध्ये हमखास गलका होतो, होऊ द्या.

सोलापूरच्या पूर्व भागात असाच कार्यक्रम चालू होता, यंत्रमागावर काम करणारी माणसं पोरांना घेऊन आलेली, तेव्हा एका काकांनी विचारलं, "ओ सर, पण एवढ्या लांब मोजायला गेलं कोण?" मी चित्र तिथंच थांबवलं आणि सगळ्यांना हात लांब करून अंगठा धरायला लावला, आधी एक डोळा मिटा, मग दुसरा, अंगठा मागच्या ताऱ्यांवर इकडून तिकडं सरकतो की नाही? आता एका डोळ्याच्या जागी जानेवारीतली पृथ्वी धरा आणि दुसऱ्याच्या जागी जुलैतली, मधे 30 कोटी किलोमीटर. जवळचा तारा जास्त सरकतो, लांबचा कमी, त्यावरून अंतर निघतं. युरोपच्या गाया यानाच्या 2022 च्या यादीत असं सरकणं जवळपास 146 कोटी ताऱ्यांचं नोंदलंय. एक ताई हे सगळं मागं बसलेल्या आजींना तेलुगूत सांगत होत्या, आजींचा अंगठा तसाच वर. अशा वेळी घड्याळ बघायचं नाही.

आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं दाखवायचं ते म्हणजे दीर्घिकांचा, आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहांचा नकाशा, स्लोन सर्व्हे या आकाश-पाहणीचा, अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोतल्या 2.5 मीटरच्या दुर्बिणीनं केलेला. चित्रात आकाशगंगेच्या बाहेर जाऊन बघितलं की तो दोन उघडे हातपंखे समोरासमोर धरल्यासारखा दिसतो आणि मधे सगळं काळं. इथं मुद्दाम थांबा. कुणीतरी विचारतंच, तिथं काहीच नाही का? तर आहे, पण आपल्याच आकाशगंगेतली धूळ आडवी येते आणि काही भाग त्या दुर्बिणीनं बघितलेलाच नाही. हे ऐकल्यावर लोक पुढं सरकून बसतात, अजून काम शिल्लक आहे हे त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलेलं असतं. मग मीन राशीच्या दिशेला वळायचं. पुण्याच्या आयुका आणि आयसर या संस्थांमधल्या संशोधकांनी 2017 मध्ये याच सर्व्हेच्या डेटातून सरस्वती हा दीर्घिकांचा महासमूह शोधल्याचं जाहीर केलं, सुमारे 400 कोटी प्रकाशवर्षं लांब आणि 60 कोटी प्रकाशवर्षं पसरलेला. हे काम करणारी माणसं हुतात्मा एक्स्प्रेस जिथं जाते त्या पुण्यात बसतात, हे पोरांना आवर्जून सांगा, फार फरक पडतो.

सामानाचं म्हणाल तर सगळ्या डोमभर चित्र पसरवणारी फिशआय लेन्स महाग पडते, साधा प्रोजेक्टर आणि बहिर्वक्र आरसा यावर काम भागतं, लॅपटॉपला ग्राफिक्स कार्ड मात्र चांगलं पाहिजे. लाइट गेली की ब्लोअर बंद आणि डोम खाली बसायला लागतो, म्हणून इन्व्हर्टर जवळ ठेवाच. एप्रिल-मेमध्ये दुपारी अजिबात नको, आत भट्टी होते. चित्र गरागरा फिरवू नका, लोकांना चक्कर येते, वयस्कर माणसांना दाराजवळ बसवा. बोलणं अर्ध्या तासात उरका, पुढचा सगळा वेळ प्रश्नांना, आणि तेव्हा लॅपटॉप बंद करू नका, कारण "शनी परत दाखवा" अशी फर्माईश येतेच.