पोट मुलाचं दुखतंय, मग आम्हाला का बोलावता?

"मॅडम, पोट त्याचं दुखतंय. तुम्ही त्याच्याशी बोला, आम्ही बाहेर थांबतो." चिन्मयचे बाबा दारातच उभे होते. मुलाला आणलंय ना, मग आम्ही कशाला, हे बहुतेक पालक पहिल्या भेटीत विचारतात.

चिन्मय (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) नऊ वर्षांचा, चौथीतला. शाळेची रिक्षा यायची वेळ झाली की पोटात कळ यायची. रक्त, लघवी, सोनोग्राफी सगळं व्यवस्थित आलं, तेव्हा बालरोगतज्ज्ञांनी माझ्याकडे, म्हणजे मानसशास्त्रज्ञाकडे, पाठवलं. हा क्रम बरोबरच आहे, आधी शरीर तपासायला हवं. रविवारी मात्र पोट दुखत नव्हतं, त्यामुळे आजीच्या मते ही नाटकं होती. मी चिन्मयसमोरच सांगितलं, की हे नाटक नाही. भीती वाटली की आतड्यांची हालचाल बदलते, कळ खरीच येते. ते ऐकून त्यानं आईकडे बघितलं.

एम.ए. आणि नंतर दोन वर्षांचं क्लिनिकल सायकॉलॉजीचं एम.फिल. करून मी या कामात आले. गोळ्या मी देत नाही, ते काम मनोविकारतज्ज्ञांचं. सुरुवातीची काही वर्षं मीही फक्त मुलांनाच भेटायचे. माझ्या खोलीत एखादी मुलगी खुलायची, घरी गेली की पुन्हा अंथरूण ओलं करायची. तेव्हा कुटुंबोपचाराचे एक प्रणेते साल्वादोर मिनुचिन यांचं काम नव्यानं वाचलं. फिलाडेल्फियात १९६०-७०च्या दशकांत ते मुलाबरोबर अख्ख्या घरालाच उपचारासाठी समोर बसवत. तेव्हापासून पहिल्या भेटीला आई-बाबा, आणि आजी-आजोबा सोबत राहत असतील तर तेही, असा माझा आग्रह असतो. कुणाची चूक शोधायला मी बोलावत नाही. मूल ज्या हवेत श्वास घेतं, ती मला बघायची असते.

दुसऱ्या भेटीत चिन्मयला घराचं चित्र काढायला सांगितलं. खिडक्या, तुळस, बाबांची मोटारसायकल, सगळं नीट काढलं. मग दारावर एक कुलूप रेखाटलं, जवळजवळ दाराएवढंच. काळा खडू मोडेपर्यंत ते रंगवत राहिला.

"आत कोण आहे?"

"कुणीच नाही. सगळे दवाखान्यात गेलेत."

चार महिन्यांपूर्वी तो शाळेतून आला तेव्हा घराला खरंच कुलूप होतं. शेजारच्या काकूंनी जेवू घातलं. आई तीन दिवसांनी आली. आईला काय झालं होतं, हे त्याला कुणीच सांगितलं नाही. आजी फोनवर कुणाला तरी म्हणाली, "पोटाचं झालं तिच्या", तेवढं त्यानं ऐकलं होतं.

आईचा तिसऱ्या महिन्यात गर्भपात झाला होता. लहान जिवाला कशाला सांगायचं म्हणून सगळे गप्प राहिले. आईलाही कुणी रडू दिलं नव्हतं. "झालं गेलं विसर", एवढंच सगळे म्हणायचे. मोठी माणसं गप्प राहिली की मूल उरलेलं स्वतःच रचतं, आणि ते बहुधा खऱ्याहून भयंकर असतं. मी शाळेत गेलो की आईला काहीतरी होतं, असं चिन्मयनं रचलं होतं.

पुढच्या भेटीत आईनं त्याला स्वतः सांगितलं, मी फक्त शेजारी बसले. "माझ्या पोटात बाळ होतं. ते वाढू शकलं नाही. तुझ्यामुळे नाही, कुणामुळेच नाही. मला खूप वाईट वाटलं. आता मी बरी आहे." बोलताना तिला रडू आलं. बाबा तिला थांबवायला पुढे झुकले, मी त्यांना नुसता हात दाखवला. ते मागे टेकले आणि त्यांचेही डोळे भरले.

मग शाळा हळूहळू. पहिला आठवडा दोन तास, नंतर मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस. वर्गशिक्षिकेनं मनापासून साथ दिली. घराची एक किल्ली त्याच्या दप्तरात राहू लागली. शाळा जितकी जास्त बुडते तितकं परत जाणं अवघड होतं, म्हणून महिनोन्महिने वाट बघू नका. जवळपास समुपदेशक नसेल तर सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. सेवा मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

चिन्मयचं पोट अजूनही एखाद्या सोमवारी दुखतं, पण तो जातो. गेल्या महिन्यात त्याची आई एकटीच आली आणि विचारलं, "आता माझ्यासाठी वेळ मिळेल का?"

गुरुवारची साडेचारची वेळ तिच्या नावावर लिहिली.