वाचकांचे प्रश्न : बीएल सरेंडर करू का?

प्रश्न : आमच्या गटाचा कांद्याचा पहिला कंटेनर न्हावा शेवाहून दुबईच्या जेबेल अली बंदराला निघालाय. तीस टक्के आगाऊ मिळाले. आता दुबईची पार्टी म्हणते, ‘बीएल सरेंडर करा, माल सुटला की बाकीचे पाठवतो.’ शिपिंग बिल आमच्याच नावावर आहे, मग भीती कसली? – एक वाचक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : भीती आहे. पैसे खात्यात पडेपर्यंत बीएल (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे बोट कंपनीने तुम्हाला दिलेला मालाचा कागद) सरेंडर करू नका.

आधी शिपिंग बिलाचं. ते तुमचं कस्टमकडचं निर्यातीचं कागदपत्र. त्यावर लेट एक्स्पोर्ट (माल बाहेर न्यायची कस्टमची परवानगी) झालं, बोट सुटली, की जेबेल अलीत त्याला कोणी विचारत नाही. तिथे माल सोडवतो तो बीएल. त्याच्या मूळ प्रती सहसा तीन निघतात आणि त्यातली कुठलीही एक दिली की माल सुटतो, उरलेल्या दोन रद्दी. म्हणून ‘एक प्रत कुरियरने थेट पाठवा, दोन बँकेतून’ असं पार्टी म्हणाली तर सरळ नाही म्हणा. सरेंडर म्हणजे तिन्ही प्रती लाइनच्या, म्हणजे बोट कंपनीच्या, इथल्या ऑफिसात परत देणं. मग लाइन तिकडच्या ऑफिसला कळवते आणि माल कागदाशिवाय सुटतो. त्यानंतर तुमच्या हातात उरतो फक्त पार्टीचा फोन नंबर.

पार्टी खोटीच आहे असं मी म्हणत नाही. बोट चार-पाच दिवसांत पोचते, बँकेतून कागद जायला त्याहून जास्त लागतात, म्हणून या मार्गावर सरेंडर सर्रास चालतं. पण क्रम असा ठेवा : बीएलची स्कॅन प्रत पाठवा, बाकीचे सत्तर टक्के मागा, आपल्या बँकेने जमा दाखवले की त्याच दिवशी सरेंडर. स्विफ्टची (पैसे पाठवल्याच्या बँकेच्या संदेशाची) कॉपी व्हॉट्सॲपवर आली म्हणून हुरळू नका, कॉपी म्हणजे पैसे नव्हेत.

तुमची दुखरी नस वेगळीच आहे. कांदा थांबत नाही. पार्टीने आठ दिवस टोलवलं तर बीएल तुमच्या कपाटात आणि तिकडे डेमरेज (कंटेनर पडून राहिल्याचं भाडं) चढतंय, माल कुजतोय. मग ती भाव पाडून मागते. म्हणून पुढच्या वेळी आगाऊ रक्कम निदान मालावरचा तुमचा खर्च आणि बोटभाडं निघेल इतकी घ्या. एका कंटेनरसाठी एलसीच्या (खरेदीदाराच्या बँकेने दिलेल्या पैशांच्या हमीपत्राच्या) भानगडीत सहसा कोणी पडत नाही, पण ईसीजीसीकडे (निर्यातीच्या पैशांचा विमा उतरवणारी सरकारी कंपनी) त्या खरेदीदारापुरता विमा मिळतो का, ते जरूर विचारा.

आणि बीएलचा ड्राफ्ट नीट वाचा. कन्साइनीच्या (माल घेणाऱ्याच्या) रकान्यात पार्टीचं नाव न घालता ‘टू ऑर्डर’ लिहायला सांगा, पार्टी जाऊ दे नोटिफायच्या (माल पोचल्याचं कळवायच्या) रकान्यात. म्हणजे ती फिरली तर मागच्या बाजूला सही-शिक्का मारून तोच माल दुबईतल्या दुसऱ्या व्यापाऱ्याला देता येतो. १८५६चा बीएलचा कायदा जाऊन २०२५मध्ये नवा आला, पण ही सोय कायम आहे. फक्त मूळ प्रतीवर आधीच कोरा सही-शिक्का मारून ठेवू नका. तसा कागद ज्याच्या हाती पडेल, माल त्याचा.