अकरावीला एपी गव्हर्नमेंट घ्यावं का?

ताई, ऑगस्टमध्ये तुम्ही न्यू जर्सीला येताय, लेक इथे अकरावीत बसणार, आणि 'अमेरिकेचं काहीच माहीत नसताना तिनं एपी गव्हर्नमेंट घ्यावं का' असं विचारलंत. (एपी म्हणजे शाळेतच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा विषय; हा अमेरिकेच्या राज्यव्यवस्थेचा.) माझं मत, जरूर घ्यावं. माझा मुलगा नाशिकहून आला त्याच वर्षी त्यानं हा विषय घेतला होता.

अभ्यासाला नेमलेले मूळ दस्तऐवज ९, सुप्रीम कोर्टाचे खटले १४. परीक्षा मे महिन्यात: ८० मिनिटांत ५५ बहुपर्यायी प्रश्न, मग १०० मिनिटांत ४ लेखी उत्तरं. दोन्हींचं वजन निम्मं-निम्मं.

आपली मुलं फसतात ती पाठांतरात. मुलानं पहिल्या निबंधात 'फेडरलिस्ट १०'चे (नेमलेल्यांपैकी एक, नव्या राज्यघटनेच्या बाजूनं जेम्स मॅडिसननं लिहिलेला लेख) सगळे मुद्दे ओळीनं उतरवले. बाईंनी समासात एवढंच लिहिलं: 'पण तुझं म्हणणं काय?' इथे बाजू घ्यावी लागते, दस्तऐवजाचा आधार द्यावा लागतो आणि विरुद्ध बाजूलाही उत्तर द्यावं लागतं. मग आम्ही घरीच वाद घालू लागलो, तोही मराठीत. तो मॅडिसन व्हायचा: देश मोठा असला की गट पुष्कळ होतात, एकाचीच दादागिरी चालत नाही. मी पोळ्या लाटता लाटता 'ब्रूटस', म्हणजे त्या राज्यघटनेच्या विरोधात या टोपणनावानं लिहिणारा लेखक: एवढ्या मोठ्या देशात प्रतिनिधीला आपल्या लोकांची ओळख तरी राहील का? महिनाभरात त्याचे निबंध बदलले.

आणि लेक कोरी पाटी नाही हो! राज्यसभेत महाराष्ट्राचे १९ खासदार, गोव्याचा १, हे तिला ठाऊक असेल. सिनेटमध्ये, म्हणजे इथल्या संसदेच्या वरच्या सभागृहात, मात्र सहा लाखांहून कमी वस्तीच्या वायोमिंगला २ जागा आणि चार कोटींच्या आसपासच्या कॅलिफोर्नियालाही २च. हे न्याय्य आहे का, एवढंच तिला विचारा.

खटल्यांची सुरुवात 'टिंकर'पासून करा. १९६५ साली १३ वर्षांची मेरी बेथ व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळी फीत बांधून शाळेत गेली, तिला निलंबित केलं. १९६९ मध्ये कोर्टानं ७ विरुद्ध २ मतांनी विद्यार्थ्यांच्या बाजूनं निकाल दिला. परीक्षेत एक अनोळखी खटला देऊन नेमलेल्या खटल्याशी तुलना करायला लावतात, म्हणून निकालापेक्षा त्यामागचं कारण लक्षात ठेवायला सांगा.

विषयनिवड बहुतेक शाळांत वसंतातच उरकते, तेव्हा शाळेच्या काउन्सेलरला आत्ताच ईमेल टाका. इथे डिप्लोमासाठी, म्हणजे बारावी पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्रासाठी, अमेरिकेचा इतिहास सक्तीचा आहे; दोन्ही विषय वेळापत्रकात बसतात का, तेही त्यातच विचारा.