नगरपालिकेच्या सभेत काय ठरलं ते नगरसेवक सांगतच नाही, मग कळणार कसं?

अहो, सांगायला हवंच त्याने, पण बहुतेकांचं वॉट्सअ‍ॅप म्हणजे वाढदिवसाचे बॅनर आणि गटाराच्या उद्घाटनाचे फोटो. आमच्याकडची आधीची नगरसेविका मात्र सर्वसाधारण सभा झाली की दुसऱ्या दिवशी ठराव नंबरसकट ग्रुपवर टाकायची, पाणीपट्टी वाढवायच्या ठरावाला मी विरोध केला हेपण लिहायची, त्यामुळे लोक तिच्याशी भांडायचे ते निदान मुद्द्यावर तरी.

तुमचा सांगत नसेल तर सरळ सभेचं इतिवृत्त, म्हणजे सभेत काय झालं त्याची लेखी नोंद, मागा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात अर्ज करायचा, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात सभेची तारीख टाका, नुसतं "सगळे ठराव द्या" लिहिलंत तर फिरवत बसतील.