मीटरचे २५ रुपये गेले कुठे?

प्रश्न : बाई, नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा आठवीत आहे आणि शाळेत सध्या ‘स्लोप’ आणि ‘वाय-इंटरसेप्ट’ चाललंय. मी हे पुण्यात दहावीला ‘रेषेचा चढ’ म्हणून शिकले होते. त्याला गोडी लागावी म्हणून पुण्यातल्या रिक्षाचं उदाहरण घेतलं : पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, पुढे दर किलोमीटरला १७. तो चटकन म्हणाला, स्लोप १७, इंटरसेप्ट २५. मी शाबासकी दिली. मग ३ किलोमीटरचं भाडं काढलं तर आले ७६ रुपये! फोनवर आजोबा म्हणाले, “लुटलं की तुम्हाला, ५० होतात.” कुठे चुकलं?
– एक आई, एडिसन

उत्तर : आजोबांचं बरोबर आहे. लेकाचं चुकलं, आणि शाबासकी देणाऱ्या आईचंही. पण मनाला लावून घेऊ नका. मी स्वतः कित्येक वर्षं फळ्यावर हेच उदाहरण असंच सोडवत होते. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलाने, त्याचे वडील रिक्षा चालवायचे, “बाई, मीटर असं पळत नाही” म्हणून मला थांबवलं.

इंटरसेप्ट म्हणजे गणितात दिसणारा ‘पहिला आकडा’ नव्हे. एक्स (इथे किलोमीटर) शून्य असताना वाय (इथे भाडं) किती, ते. आणि स्लोप, म्हणजे चढ : एक्स एकाने वाढला की वाय कितीने वाढतो, ते. तुमचे २५ रुपये शून्य किलोमीटरचे नाहीत, दीड किलोमीटरचे आहेत. मुलाने दीड किलोमीटरचे पैसे दोनदा मोजले : एकदा २५ मध्ये आणि पुन्हा १७ ने गुणताना. १७ गुणिले दीड म्हणजे साडेपंचवीस. ७६ मधून ते वजा करा, आजोबांचे ५० रुपये ५० पैसे हातात येतात.

आता खरी गंमत. आलेखाच्या कागदावर शून्यापासून दीडपर्यंत २५ च्या उंचीवर आडवी रेघ काढायला सांगा. तिथून पुढे रेषा चढू लागते : २ किलोमीटरला ३३.५०, ३ ला ५०.५०, ५ ला ८४.५०. ती चढती रेषा पट्टी लावून मागे वाय-अक्षापर्यंत तुटक-तुटक वाढवा. ती २५ वर येत नाही. शून्याच्याही जराशी खाली, उणे ५० पैशांवर टेकते! म्हणजे भाडे = १७ × किलोमीटर − ०.५०, आणि तेही दीड किलोमीटरच्या पुढेच. साडेपंचवीसचे पंचवीस सुट्या पैशांची कटकट नको म्हणून केले असावेत, असा आपला माझा अंदाज.

तेव्हा सुरुवातीला रिक्षा नको, ती नंतर. तुमच्या घरात याहून सोपं उदाहरण रोज फोनवर ऐकू येत असेल. आजी सांगणार, “इथे ४० आहे रे,” आणि नातवाच्या डोक्यात फॅरनहाइट. शून्य सेल्सिअसला ३२ फॅरनहाइट, ४० ला १०४. इथे शून्याला खरोखर अर्थ आहे, म्हणून इंटरसेप्ट ३२ यावर वाद नाही. मग चढ काढायला सांगा आणि गप्प बसा. तो बहुधा १०४ भागिले ४० करील, उत्तर २.६. सगळीच मुलं करतात. रागावू नका, “१० सेल्सिअसला ५० फॅरनहाइट, तिथे करून बघ” एवढंच म्हणा. तिथे ५ येईल. एकाच सरळ रेषेचे दोन चढ कसे, हे त्याचं त्यालाच खटकू द्या. सुरुवातीचे ३२ फुकटचे आहेत, ते चढून मिळालेले नाहीत. वाढ भागिले वाढ घ्यायची : १०४ वजा ३२ म्हणजे ७२, भागिले ४०, १.८. दहा ते तीसमध्ये ५० चे ८६ होतात. ३६ भागिले २०, पुन्हा १.८. (रिक्षात ही चूक लपून जाते. ८४.५० भागिले ५ केलं तरी १६.९० येतात, कारण ती रेषा शून्याला जवळजवळ चिकटूनच जाते. उदाहरण बाजूला ठेवायचं आणखी एक कारण.)

हे पक्कं झालं की चहाचे कागदी कप एकात एक रचा. माझ्याकडचा एक कप ६ सेंटीमीटर उंच, पुढचा प्रत्येक कप ०.७ ने उंची वाढवतो. दहा कपांची चळत १२.३ भरली. इंटरसेप्ट विचारला की मुलं हमखास ६ म्हणतात. पण ६ ही एका कपाची उंची. शून्य कपांना येतात ५.३. “शून्य कप, तरी उंची?” म्हणून मुलं हसतात. हसू द्या आणि विचारा, कपावर ५.३ कुठे आहे दाखव. प्रत्येक कपाची वरची ०.७ ची पट्टी झाकून पाहिली की उरलेलं धड दिसतं. कप कितीही रचा, उघडं धड एकदाच मोजलं जातं, पट्ट्या तेवढ्या वाढतात.

एक शब्द मात्र जपून. रेषा खाली जाते तेव्हा पुस्तक ‘ऋण चढ’ म्हणतं. घरी खुशाल ‘उतार’ म्हणा, फक्त आकड्याआधी उणे चिन्ह लिहायचं विसरू देऊ नका.

आणि आजोबांना सांगा, ५० नव्हे, साडेपन्नास.