इन्फ्रारेड फोटोंसाठी लेन्स कशी निवडावी आणि व्हाइट बॅलन्स कसा लावावा?

तुम्ही दोन तक्रारी एकत्र मांडल्या आहेत. ७२० नॅनोमीटरला कन्व्हर्ट केलेल्या (म्हणजे सेन्सरसमोरचा फिल्टर बदलून साधारण त्यापुढचा, मुख्यतः इन्फ्रारेड प्रकाशच आत येऊ देणाऱ्या) कॅमेऱ्यावर फोटो लालभडक येतात, आणि मधोमध पांढुरका गोल डाग दिसतो. लाल रंगावर सोपा इलाज आहे. डाग मात्र लेन्समुळे पडतो आणि नंतर संगणकावर तो धड निघत नाही, म्हणून आधी लेन्सचं बघू.

या डागाला हॉटस्पॉट म्हणतात. काचांवरचे लेप डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशासाठी केलेले असतात, इन्फ्रारेड त्यांना फारसा जुमानत नाही. तो सेन्सर आणि मागच्या काचांमध्ये आपटत राहतो. लेन्सच्या नळीतला काळा रंगही इन्फ्रारेडसाठी काळा असेलच असं नाही. त्यामुळे इथे किमतीवरून काही ठरत नाही. एखादी भारी लेन्स नापास होते आणि कॅमेऱ्याबरोबर आलेली साधी झूम छान चालते. माझी सगळ्यात लाडकी ५० मिमी मला यापायीच बाजूला ठेवावी लागली, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटलं.

घेण्याआधी लेन्स स्वतः तपासा. निरभ्र आकाशाचा किंवा एकरंगी भिंतीचा फोटो एफ/४ पासून एफ/१६ पर्यंत प्रत्येक स्टॉपला काढा (आकडा वाढतो तसं लेन्सचं छिद्र लहान होतं) आणि कॉन्ट्रास्ट भरपूर वाढवून बघा. छिद्र मोठं असताना डाग पसरलेला असतो, म्हणून लक्षात येत नाही. छिद्र लहान केलं की तोच आकसून ठळक होतो. झूम असेल तर दोन्ही टोकांना आणि मध्येही तपासा. एफ/८ ला स्वच्छ असलेली लेन्स मी बिनधास्त घेईन. एफ/१६ ला तसंही जायचं कारण नाही, कारण तरंगलांबी जास्त असल्याने विवर्तनाचा (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने येणारा) मऊपणा इथे लवकर येतो.

फोकसचा प्रश्न मिररलेसवर किंवा लाइव्ह व्ह्यूमध्ये जवळपास उरत नाही, कारण फोकस सेन्सरवरच ठरतो. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून मात्र तो चुकू शकतो.

आता व्हाइट बॅलन्स, म्हणजे कशाला पांढरं मानायचं हे कॅमेऱ्याला सांगणं. उन्हातलं हिरवं गवत फ्रेमभर घ्या आणि त्यावरून कस्टम व्हाइट बॅलन्स सेट करा. पानं इन्फ्रारेड भरपूर परावर्तित करतात, म्हणून गवताला पांढरं मानलं की झाडं पांढरी आणि आकाश तपकिरी येतं. पुढे संगणकावर लाल आणि निळ्या चॅनेलची (फोटोतल्या रंगांच्या थरांची) अदलाबदल केली की आकाश निळं होतं. ते पहिल्यांदा पडद्यावर बघताना फार आनंद होतो!

फोटो रॉमध्येच, म्हणजे सेन्सरची कच्ची माहिती जपणाऱ्या फाइलमध्येच काढा. पण लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर तो पुन्हा लाल दिसला तर घाबरू नका. तिथला व्हाइट बॅलन्सच्या तापमानाचा स्लायडर २००० केल्विनला थांबतो आणि आपल्याला त्याच्याही खाली जायचं असतं. अडोबीच्या मोफत डीएनजी प्रोफाइल एडिटरमध्ये तुमच्या कॅमेऱ्याचं प्रोफाइल (रंग कसे दाखवायचे ते ठरवणारी फाइल) तापमान -१०० करून सेव्ह करा आणि लाइटरूममध्ये तेच प्रोफाइल निवडा, मग स्लायडरला जागा मिळते. कॅमेरा कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर बहुधा कॅमेऱ्यातली सेटिंग जशीच्या तशी उचलतं.

आणि एक्स्पोजर ठरवताना लाल चॅनेलचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) वेगळा बघा. बाकीचे दोन ठीक दिसत असतानाच तो उजवीकडे कापला जातो आणि ढगांतला तपशील जातो.