वाचकांचे प्रश्न : दोर्दोन्यकाठचे ला रोक-गाजाक आणि आसपासची भटकंती

फ्रान्सच्या नैऋत्येला पेरिगोर प्रांतात, दोर्दोन्य नदीच्या काठी, ला रोक-गाजाक हे जेमतेम चारशेच्या आसपास वस्तीचे गाव आहे. तेथे मुक्कामाला जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांच्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मे महिन्यात, मुलांच्या सुट्टीत, आम्ही सहा जण या गावात चार रात्री राहणार आहोत. सोबत सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे आहेत. गाव तासाभरात पाहून होते असे ऐकले. मग उरलेल्या दिवसांत बोर्दो शहर करून यावे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : बोर्दो शहर सुंदर आहे, पण ते स्वतंत्र सहलीत पाहावे. येथून जाऊन-येऊन करायचे म्हटले तर दिवसाचा मोठा भाग प्रवासातच जाईल आणि ज्येष्ठांना त्याचा शीण होईल. चारही दिवस नदीच्या आठ-दहा किलोमीटरच्या पट्ट्यातच घालवावेत, असे आम्ही सुचवू.

गावाची रचना साधी आहे. मागे पिवळसर चुनखडीचा उभा कडा, त्याला पाठ लावून बांधलेली घरे, घरांपुढे एकच रस्ता आणि रस्त्याला लागून नदी. या रस्त्यावरून नुसते चालत गेल्यास गाव खरोखरच तासाभरात संपते. परंतु घरांमधून वर चढणाऱ्या दगडी पाखाडीने चर्चपर्यंत गेल्याखेरीज ते पाहिले असे म्हणता येणार नाही. चर्चचे छप्पर कौलांचे नाही, एकावर एक रचलेल्या दगडी फरश्यांचे आहे. पाखाडीच्या कडेने ताड, बांबू, घायपात आणि चक्क केळी वाढलेल्या दिसतात. जळगावकरांना केळीचे काय कौतुक वाटणार, पण हे ठिकाण ४५ अंश उत्तर अक्षांशाच्या जवळ आहे, हे लक्षात घ्यावे. कड्याचे तोंड दक्षिणेला असल्याने तो दिवसभर ऊन शोषून घेतो आणि उत्तरेचे गार वारे अडवतो, त्यामुळे येथे या झाडांचा निभाव लागतो. याच कड्याचा एक भाग १९५७ मध्ये कोसळून खालची घरे चिरडली गेली आणि तीन माणसे दगावली. म्हणून कड्यालगतची एखादी वाट बंद असल्याची पाटी दिसली, तर ती ओलांडण्याचा मोह टाळावा. सतराव्या शतकाच्या आरंभी सूर्यावरील डागांचा अभ्यास करणारा, १६१४ मध्ये गॅलिलिओला भेटून आलेला धर्मगुरू झाँ तार्द हा याच गावचा. ते डाग म्हणजे सूर्याभोवती फिरणारे लहान ग्रह आहेत असे त्याचे मत होते आणि फ्रान्सच्या राजघराण्यावरून त्याने त्यांना नावही देऊन टाकले होते. त्याच्या घराण्याचा वाडा गावात आजही दिसतो.

सासू-सासऱ्यांसाठी पहिल्याच दिवशी गाबारची फेरी घ्यावी. गाबार म्हणजे सपाट तळाची लाकडी नाव. रेल्वे येण्यापूर्वी वरच्या डोंगराळ भागातून ओकच्या फळ्या आणि द्राक्षवेलींसाठी चेस्टनटचे खुंट अशा नावांतून खाली बोर्दोकडे जात. वरच्या अंगाकडून आलेल्या अनेक नावा प्रवाहाविरुद्ध परत नेणे परवडत नसल्याने मुक्कामी पोहोचल्यावर मोडून लाकूड म्हणून विकल्या जात. आजच्या फेऱ्या गावातल्याच धक्क्यावरून सुटतात, तासाभरात परत आणतात आणि त्यांत बसण्याशिवाय काहीही करावे लागत नाही.

किल्ल्यांच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातील शतवार्षिक युद्धाच्या (चौदावे-पंधरावे शतक) काळात ही नदी म्हणजे जवळपास सरहद्दच होती. कास्तेलनोचा किल्ला बराच काळ इंग्रजांच्या बाजूला होता आणि समोरच्या काठावरचा बेनाक फ्रेंच राजाच्या. दोन्ही गडांवरून एकमेकांवर नजर ठेवता येई, ही गोष्ट कोणत्याही एका बुरुजावर उभे राहिले की आपोआप समजते. त्यामुळे दोन्ही चढण्याचा अट्टहास नको. मुले सोबत असल्याने कास्तेलनो निवडावा, कारण तेथे मध्ययुगीन युद्धकलेचे संग्रहालय आहे आणि धोंडे फेकणारी अवाढव्य लाकडी यंत्रे पूर्ण आकारात उभी केलेली आहेत. केवळ मोठ्या माणसांचा गट असता, तर नदीपासून सुमारे दीडशे मीटर उंच कड्यावर बसलेल्या, जवळजवळ रिकाम्या आणि म्हणूनच अधिक भारून टाकणाऱ्या बेनाकचे नाव आम्ही घेतले असते. ज्यांना किल्ल्याच्या पायऱ्या झेपणार नाहीत त्यांनी त्या वेळेत मार्केसाकच्या बागेत जावे. तेथे दीड लाख बॉक्सवूडची झुडपे हाताने कातरून गोलाकार घडवलेली आहेत आणि टोकाच्या सज्ज्यावरून संपूर्ण खोरे, त्यात आपले मुक्कामाचे गावही, एका नजरेत येते. नदीपल्याड टेकडीवर १२८१ मध्ये वसवलेले दोम हे तटबंदीचे गाव अर्ध्या दिवसात होते. जोसेफिन बेकर या नर्तकीचा मिलांदचा वाडाही जवळच आहे, परंतु तिच्या आयुष्याविषयी कुतूहल असेल तरच तो यादीत घ्यावा.

प्रश्न : दोर्दोन्य नदीत कनू वल्हवत जाण्याची आमच्या मुलाची फार इच्छा आहे. मला पोहता येत नाही. हे सुरक्षित आहे का? किती अंतर घ्यावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : उन्हाळ्यात या पट्ट्यातील नदी संथ आणि बऱ्याच ठिकाणी उथळ असते, तळाचे गोटे दिसतात. पूर्वी कधी वल्हे हातात न धरलेली कुटुंबेही येथे सर्रास उतरतात. असे असले तरी फ्रान्समध्ये भाड्याने कनू घेणाऱ्याला किमान २५ मीटर पोहता आले पाहिजे, अशी अट असते आणि तसे लिहून घेतले जाते. ती अट केवळ कागदापुरती मानून खोटी सही करू नये. आपण गाबारने फिरावे आणि मुलाला पोहणाऱ्या नातलगासोबत पाठवावे, हे उत्तम. जीवरक्षक जाकीट अंगात घट्ट बांधलेले असावे. ऊन लागते म्हणून ते काढून ठेवणारी मंडळी नदीत हटकून दिसतात, त्यांचे अनुकरण करू नये.

अंतराविषयी सांगायचे तर सेनाकच्या पुलापासून बेनाकपर्यंतचे साधारण नऊ किलोमीटर पहिल्या वेळेस पुरेसे आहेत. मध्ये कुठे वाळूवर थांबून डबा खाल्ला तरी तीन तासांत होतात. या टप्प्यात उजव्या काठाला ला रोक-गाजाक येते आणि संपूर्ण गाव कड्यासकट पाण्यात उलटे दिसते, पुढे डाव्या हाताला कास्तेलनो आणि मग समोर बेनाक उभा राहतो. नाव भाड्याने देणारे लोक आपल्या गाडीने वर नेऊन सोडतात किंवा खालून परत आणतात. शक्य असेल तर आधी वर जाऊन वल्हवत आपल्या मोटारीपाशी येण्याचा पर्याय घ्यावा, म्हणजे शेवटी ओल्या कपड्यांत गाडीची वाट पाहत बसावे लागत नाही. सकाळी साडेनऊ-दहाला उतरावे, कारण जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी या नदीवर नावांची अक्षरशः जत्रा असते. मे महिन्यात गर्दी नसते, पण पावसामुळे पाणी चढलेले आणि बऱ्यापैकी थंड असू शकते. त्या दिवशी स्थानिक माणसाने नको म्हटले तर हुज्जत घालू नये.

प्रश्न : लास्कोची मूळ गुहा पाहता येत नाही आणि लोकांना प्रतिकृती दाखवतात, हे खरे का? मग इतक्या लांब जाण्यात अर्थ काय?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : होय, खरे आहे. १९४० च्या सप्टेंबरमध्ये चार मुलांना सापडलेली ही प्रागैतिहासिक भित्तिचित्रांची गुहा १९४८ मध्ये लोकांसाठी उघडली गेली. रोज येणाऱ्या शेकडो माणसांच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड, ओलावा आणि उष्णता यांमुळे भिंतींवर शेवाळ धरू लागले, म्हणून १९६३ मध्ये ती कायमची बंद करण्यात आली. सध्या मोंतिन्याक येथे पाहायला मिळते ती २०१६ मध्ये उघडलेली प्रतिकृती. ती हलक्या दर्जाची नाही. भिंतीचा प्रत्येक उंचवटा मोजून तिची घडण केली आहे आणि बैलाच्या खांद्याचा फुगवटा दाखवण्यासाठी चित्रकाराने खडकाच्याच फुगवट्याचा कसा उपयोग केला, हे तेथे नीट कळते.

तरीही, मूळ रेषेपुढे उभे राहण्याची ओढ असेल तर वेझेर नदीच्या खोऱ्यात लेझेझी गावाजवळच्या फों-द-गोम गुहेची वेळ राखून ठेवावी. ती ला रोक-गाजाकपासून मोटारीने पाऊण तासाच्या आतबाहेर आहे. बहुरंगी चित्रे असलेल्या आणि अजूनही लोकांना पाहता येणाऱ्या फार थोड्या मूळ गुहांपैकी ही एक असून दररोज मोजक्याच माणसांना, मार्गदर्शकाबरोबर, आत सोडतात. ऐनवेळी जाऊन जागा मिळेल अशा भरवशावर राहू नये. भीमबेटकाची मोकळी, उजेडातली खडक-आश्रये पाहिलेल्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा : येथे अरुंद, अंधारी बोगदेवजा वाट आहे, पाठीवरची पिशवी बाहेर ठेवावी लागते आणि छायाचित्रे घेता येत नाहीत. बंद जागेत जीव घाबरा होणाऱ्यांनी किंवा गुडघे दुखणाऱ्यांनी रुफिन्याकची गुहा निवडावी. तेथे विजेवर चालणारी छोटी आगगाडी आत खोलवर नेते, मॅमथच्या रेखाकृती दाखवते आणि अस्वलांनी माती उकरून केलेले झोपण्याचे खड्डेही दाखवते. आत वर्षभर साधारण १३ अंश तापमान असते, त्यामुळे बाहेर ऊन असले तरी स्वेटर जवळ हवा. एका दिवसात एक मूळ गुहा आणि लेझेझीचे राष्ट्रीय प्रागैतिहासिक संग्रहालय इतकेच ठरवावे. तीन-तीन गुहा उरकणाऱ्यांना संध्याकाळी कोणता बैल कोठला, हे आठवत नाही.

प्रश्न : आम्ही दोघे शुद्ध शाकाहारी असून दिवाळीच्या सुट्टीत, मोटार न चालवता जाऊ इच्छितो. जमेल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : दिवाळी ऑक्टोबरमध्ये असेल तर जमेल. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर मात्र गाबार, अनेक उपाहारगृहे आणि काही प्रेक्षणीय स्थळे वसंत ऋतूपर्यंत बंद होतात. मोटारीविना राहायचे असल्यास मुक्काम ला रोक-गाजाकऐवजी सार्ला या दहा-बारा किलोमीटरवरील गावात करावा. बोर्दोहून तेथे थेट रेल्वे येते, पावणेतीन तास लागतात. सार्लाहून जुन्या लोहमार्गाच्या जागी केलेला, मोटारींना बंदी असलेला वीसेक किलोमीटरचा सायकलमार्ग निघतो. चढ फार नसल्याने तो ऑक्टोबरच्या कोवळ्या उन्हात सुखाचा होतो. रानातील पायवाटांवर पिवळ्या रंगाच्या खुणा असतात. गवतातून चालून आल्यावर पायांवर गोचीड नाही ना, हे मात्र रोज पाहावे, कारण त्यांच्यापासून लाइम रोग होऊ शकतो.

जेवणाचा प्रश्न अवघड आहे, हे स्पष्टच सांगितलेले बरे. हा बदक आणि हंसाचा मुलूख आहे. येथली सुप्रसिद्ध लसूण घातलेली बटाट्याची भाजीसुद्धा बदकाच्या चरबीत परततात, आणि भाज्यांचे सूप हाडांच्या रश्शात केलेले असू शकते. म्हणून केवळ शाकाहारी आहोत असे न सांगता मांस, मासे, चरबी आणि रस्सा यांपैकी काहीही नको, असे मोजून सांगावे. चीजमध्येही बहुधा वासराच्या जठरातील विरजण असते, तेव्हा ते चालते की नाही हे घरूनच ठरवून निघावे. स्वयंपाकघर असलेली खोली घेतल्यास निम्मी अडचण सुटते. सार्लाच्या बुधवारच्या आणि शनिवारच्या बाजारात ताज्या भाज्या, मशरूम, चेस्टनट आणि त्याच हंगामातले नवे अक्रोड मिळतात. अक्रोडाचे तेल कच्चेच, कोशिंबिरीवर घालून खावे. फोडणीला ते घेऊ नये, तापवले की कडवट होते.